पार्श्वभूमी : सायलेन्सरवरील २०० डॉलरच्या कराची कहाणी

‘सायलेन्सर’ म्हटले की आपल्याला मोटारसायकल आठवते, आणि त्यात फारसे चुकत नाही. अमेरिकेत बंदुकीचा सायलेन्सर बाजारात रुजवणारे हायरम पर्सी मॅक्झिम यांनी मोटारीच्या इंजिनाचा आवाज दाबण्यासाठीही तेच तत्त्व वापरले होते : दाबाखाली सुटलेला गरम वायू एकदम बाहेर न सोडता नळीतल्या कप्प्यांमधून फिरवत, थंड करत सोडायचा. त्यांना १९०९ मध्ये पेटंट मिळाले. (मशीनगन बनवणारे मॅक्झिम ते त्यांचे वडील, घरातल्या घरात हिशेब पुरा झाला म्हणायचा.) काही डॉलरांना मिळणारी ही नळी तेव्हा टपालाने घरपोच येई आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीवरही ती बसवलेली होती.

याच वस्तूवर १९३४ मध्ये २०० डॉलरचा कर बसला. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धे, विशेषतः १९२९ मध्ये शिकागोत थॉम्पसन मशीनगनने झालेले सात जणांचे हत्याकांड, आणि १९३३ मध्ये मायामीत निर्वाचित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर झालेला गोळीबार यांमुळे सरकारवर दबाव होता. शस्त्रांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिला आहे का, याविषयी मात्र ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या खात्यालाच खात्री नव्हती. कर बसवण्याचा अधिकार निर्विवाद होता. म्हणून राष्ट्रीय बंदूक कायदा महसुलाचा कायदा म्हणून लिहिला गेला आणि नोंदणी ही त्या कराची वसुली नीट व्हावी म्हणून केलेली तरतूद ठरली. मूळ मसुद्यात मशीनगन आणि सायलेन्सर यांच्याबरोबर पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती; विरोधामुळे ती वगळली गेली, सायलेन्सर मात्र यादीत राहिले. का राहिले, याचे समाधानकारक उत्तर त्या वेळच्या सुनावण्यांत मिळत नाही. मंदीच्या दिवसांतील चोरट्या शिकारीचे कारण पुढे अनेकांनी सांगितले, पण त्याला भक्कम आधार दिसत नाही.

२०० डॉलर ही रक्कम मशीनगनच्या किमतीकडे पाहून ठरली होती. तिच्याबाबतीत कर किमतीइतका होता, सायलेन्सरच्या बाबतीत वस्तूच्या कितीतरी पट. आजच्या हिशेबाने ते साडेचार हजार डॉलरांहून अधिक होतात, म्हणजे व्यवहारात ती बंदीच होती. १९३७ मध्ये एका बंदूक विक्रेत्याने, हा कर नसून कराच्या वेषातला दंड आहे, असा दावा सर्वोच्च न्यायालयात केला; न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. कराचा आकडा मात्र महागाईशी कधीच जोडला गेला नाही. त्यामुळे जी रक्कम आजोबांना परवडत नव्हती, ती नातवाला सायलेन्सरच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ वाटू लागली. त्रास उरला तो कागदपत्रांचा : अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र, स्थानिक पोलीस प्रमुखाला प्रत, आणि मंजुरीची महिनोन्महिने वाट पाहिल्यावर अर्जावर चिकटून येणारे, कर भरल्याचे २०० डॉलरचे तिकीट. नोंदणीविना सायलेन्सर बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉयसह आठ राज्यांत तो सामान्य नागरिकाला बाळगताच येत नाही.

ही चौकट मोडण्याचा पहिला ठळक प्रयत्न २०१५ मध्ये ‘श्रवण संरक्षण’ या नावाच्या विधेयकाने झाला. नाव हुशारीने निवडले होते, तरी निव्वळ दिखाऊ नव्हते. सायलेन्सरने आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी होतो, शिकाऱ्याच्या कानाला त्याचा खरा उपयोग आहे, आणि चित्रपटातली ‘फुस्स’ अशी गोळी प्रत्यक्षात क्वचितच असते, कारण ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका कोणतीही नळी थांबवत नाही. विरोधकांचा मुद्दा वेगळा होता : गोळीबार कुठून होतो आहे हे लोकांना आणि पोलिसांना उशिरा कळले, तर तेवढे जीव अधिक जातात. २०१७ मध्ये हीच तरतूद शिकाऱ्यांसाठीच्या एका मोठ्या विधेयकात आली. १४ जूनला तिची सुनावणी होती आणि त्याच सकाळी खासदारांच्या बेसबॉल सरावावर गोळीबार झाला. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासचे हत्याकांड झाल्यावर ते विधेयक मागे पडले. मे २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीच येथे बारा जणांना मारणाऱ्याच्या पिस्तुलावर सायलेन्सर होता. त्यानंतर उलट दिशेने, सायलेन्सरवर बंदी घालणारे विधेयकही मांडले गेले. दोन्ही बाजूंचे काहीच पुढे सरकले नाही.

२०२५ मध्ये वाट निघाली ती अर्थसंकल्पी विधेयकातून, कारण अशा विधेयकाला सिनेटमध्ये ६० मतांची गरज नसते. २२ मे रोजी प्रतिनिधिगृहाने २१५ विरुद्ध २१४ मतांनी संमत केलेल्या मसुद्यात सायलेन्सर १९३४ च्या कायद्यातून पूर्णपणे काढले होते. परंतु या मार्गाने केवळ महसूल आणि खर्चाच्याच बाबी जाऊ शकतात, आणि नोंदणी रद्द करणे त्यात बसत नाही, असे सिनेटच्या संसदीय सल्लागार एलिझाबेथ मॅकडोनो यांनी ठरवले. उरली कराची रक्कम. ती शून्य करण्यात आली, ४ जुलैला कायद्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा कर शून्य डॉलर झाला. मशीनगनवरचे २०० डॉलर तसेच आहेत, सायलेन्सरची नोंदणीही.

कायदा होताच टेक्सासमधील फेडरल न्यायालयात याचिका दाखल झाली. नोंदणी जर करवसुलीसाठी होती आणि आता कर उरला नसेल, तर नोंदणी कोणत्या घटनात्मक अधिकारावर उभी आहे, असा तिचा सवाल आहे. उत्पादक आणि विक्रेते यांच्यावरचा वार्षिक कर मात्र कायम आहे, आणि १९३७ च्या खटल्यातला वादग्रस्त कर नेमका विक्रेत्यावरचाच होता; म्हणजे कराचा आधार पुरता गेला आहे, असे म्हणता येत नाही.