हात लागला म्हणून पिल्लू टाकत नाहीत

"पिल्लाला हात लावू नकोस, माणसाचा वास लागला की आई टाकून देते." कोल्हापुरात रंकाळ्याकाठी आजही हे ऐकू येतं, आणि खाली पडलेलं बुलबुलाचं पिल्लू मुंग्या लागेपर्यंत तसंच राहतं. हे खरं नाही. पक्षी-अभ्यासक घरट्यातलं पिल्लू हातात घेतात, वजन करतात, पायात ॲल्युमिनियमचं हलकं कडं घालून परत ठेवतात. आई-बाप चारा आणतच राहतात. पिसं न फुटलेलं पिल्लू दिसलं तर अलगद घरट्यात ठेवा. पिसं फुटून टुणटुण उड्या मारणारं मात्र राहू द्या, ते उडायला शिकतंय.

जपायचं ते वेगळंच. सारखं डोकावलं तर अंड्यांवरची मादी घरटं सोडू शकते, शिवाय कावळ्याला पत्ता लागतो. म्हणून अभ्यासक काठीला आरसा बांधून क्षणभर पाहतात आणि लगेच निघतात.