रोजचे शंभर रुपये : अडकलेल्या पैशांच्या नियमामागचा इतिहास

यूपीआयने पैसे पाठवले, आपल्या खात्यातून कापले गेले, समोरच्याला मिळाले नाहीत आणि ॲपवर ‘पेंडिंग’ दिसते आहे. बँकेत विचारले तर ‘तीन ते पाच दिवसांत आपोआप येतील’ हे ठरलेले उत्तर मिळते. त्यात अर्धी गोष्ट गाळलेली असते. कोणत्या व्यवहारात किती दिवसांत पैसे परत यायला हवेत, हे रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे. मुदत उलटली की रोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता, खात्यात जमा व्हायला हवी हे त्यातच लिहिलेले आहे. हा १०० चा आकडा मात्र २०१९ चा नाही. तो एटीएमच्या भांडणांतून २००९ साली आला, आणि त्याच्याही मागे बाहेरगावच्या चेकचा जुना वाद आहे.

सावंतवाडीच्या शाखेवरचा चेक दादरच्या शाखेत भरला, की दादरची शाखा तो ‘ओबीसी’ रजिस्टरला चढवायची. ओबीसी म्हणजे आउटवर्ड बिल्स फॉर कलेक्शन. बँकेबाहेर या अक्षरांचा अर्थ वेगळाच, पण जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी अजून हाच शब्द आहे. मग चेक टपालाने सावंतवाडीला जायचा. तिथे तो ‘आयबीसी’ (इनवर्ड बिल्स फॉर कलेक्शन) म्हणून नोंदायचा, सही आणि शिल्लक पाहायची, रक्कम खात्याला नावे टाकायची आणि ॲडव्हाइस (जमा करा असे कळवणारी चिठ्ठी) किंवा ड्राफ्ट पुन्हा टपालानेच दादरला पाठवायचा. दादरच्या बँकेची सावंतवाडीत शाखाच नसेल तर मध्ये तिसरी बँक. दोन टपाल, दोन रजिस्टरे, दोन टेबले. यातला एक कागद गहाळ झाला किंवा एक कारकून रजेवर गेला, की सगळे थांबले. चेक वटला नाही तर तोही याच वाटेने परत यायचा. म्हणजे पैसे मिळणार नाहीत हे कळायलाही तितकेच दिवस.

यात एक बारकावा होता. चेक देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम समजा १० व्या दिवशी गेली आणि घेणाऱ्याच्या खात्यात २० व्या दिवशी आली, तर मधले दहा दिवस ते पैसे दोघांचेही नव्हते. ते बँकेकडे बिनव्याजी पडून होते. बँकेच्या भाषेत याला फ्लोट म्हणतात. एकेका ग्राहकाचा फ्लोट किरकोळ, सगळ्यांचा मिळून बँकेला सोयीचा. त्यामुळे उशीर कमी करण्याची घाई आतून कुणाला फारशी नव्हती.

ग्राहकाचा तोटा व्याजाच्या जुन्या पद्धतीने आणखी वाढायचा. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचे व्याज दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजले जाई. म्हणून भरणा १० च्या आत करायची लोकांना सवय होती. २०,००० रुपयांचा चेक ९ ऐवजी ११ तारखेला जमा झाला, तर दोन दिवसांचे नव्हे, त्या रकमेचे अख्ख्या महिन्याचे व्याज बुडायचे, तेव्हाच्या ३.५ टक्के दराने सुमारे ५८ रुपये. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले आणि १० तारखेचे महत्त्व संपले.

तक्रारी वाढल्यावर १९९० मध्ये बँकांच्या ग्राहकसेवेवर गोईपोरिया समिती नेमली गेली. लहान रकमेच्या बाहेरगावच्या चेकचे पैसे चांगल्या खातेदाराला वसुलीची वाट न पाहता लगेच द्यावेत, उशीर झाला तर व्याज द्यावे, अशी दिशा त्या काळात ठरली. नोव्हेंबर २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही बंधने सैल केली आणि प्रत्येक बँकेने आपले चेक वसुली धोरण स्वतः ठरवावे असे सांगितले. आमच्या मते हे पाऊल चुकले. ज्याला उशिराचा फायदा, त्यालाच उशिराची व्याख्या करायला दिली गेली. शेवटी प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेले आणि ऑगस्ट २००८ च्या आदेशाने मुदती आल्या : राज्यांच्या राजधान्यांवरचे चेक ७ दिवस, मोठ्या शहरांवरचे १०, बाकी ठिकाणचे १४. त्यापुढे व्याज.

चेकचा कागद फिरणेच थांबवणारी सीटीएस (चेक ट्रंकेशन सिस्टीम) पद्धत त्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, दिल्लीत सुरू झाली होती. ती चेन्नईत २०११ साली आणि मुंबईत एप्रिल २०१३ मध्ये आली. चेक पहिल्याच शाखेत थांबतो आणि पुढे फक्त त्याचे चित्र जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर गठ्ठ्याऐवजी चित्रे दिवसभरात ठरलेल्या वेळेत सतत जात राहतात. ज्या बँकेवर चेक काढला आहे तिने संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार कळवला नाही, तर चेक मान्य झाला असे धरले जाते. गप्प बसण्याचा फटका आता गप्प बसणाऱ्या बँकेला बसतो. सुरुवातीचे काही दिवस मात्र बऱ्याच ठिकाणी चेक नेहमीपेक्षा जास्त रखडले.

एटीएमचा वाद वेगळा होता. खात्यातून रक्कम गेली, यंत्रातून नोटा आल्या नाहीत. नोटा अडकतात, वीज जाते, किंवा यंत्राने रोकड दिली नाही हा निरोप परत येईपर्यंत लाइन तुटते. खरे काय घडले हे तीन नोंदी जुळवल्यावरच कळते : स्विचची (बँका आणि एटीएम जोडणाऱ्या संगणकाची) नोंद, यंत्राची स्वतःची जर्नल आणि कॅसेटमधली प्रत्यक्ष रोकड. रोकड मोजायला माणूस यंत्रापर्यंत जातो तेव्हा ‘एक्सेस कॅश’, म्हणजे हिशेबापेक्षा जास्त रोकड, निघाली तर ग्राहकाचे म्हणणे सिद्ध होते. या कामाला दिवस लागतात हे खरे; पण दिवसांना मर्यादा नव्हती आणि लोक दोन बँकांमध्ये हेलपाटे घालत होते. जुलै २००९ मध्ये मर्यादा आली : १२ कामकाजाचे दिवस, पुढे रोज १०० रुपये. जुलै २०११ पासून ती ७ कामकाजाच्या दिवसांवर आली. भरपाईसाठी मात्र ३० दिवसांत तक्रार करण्याची अट होती.

२०१९ चे परिपत्रक १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. त्याने हाच साचा बहुतेक इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना लावला. ‘टी’ म्हणजे व्यवहाराची तारीख. दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवार आणि सुट्ट्या धरून. एटीएममधून रोकड आली नाही तर टी+५. दुकानातल्या मशीनवर कार्ड घासले, पैसे गेले, दुकानदाराला पुष्टी आली नाही, तर टी+५. आयएमपीएस (बँकेची तत्काळ पैसे पाठवायची सोय) आणि व्यक्तीला पाठवलेले यूपीआय टी+१. दुकानदाराला केलेले यूपीआय टी+५. तक्रारीची अट गेली, भरपाई आपणहून द्यायची. प्रत्यक्षात ती अनेकदा मागावी लागते, आणि मागणारे थोडे.

एनईएफटी, म्हणजे खात्यातून खात्यात पैसे पाठवायची जुनी पद्धत, या साच्यात नाही. तिचा नियम जुना आहे. पैसे दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्याने जातात, आणि गठ्ठा सेटल झाल्यापासून दोन तासांत खात्यात पडले नाहीत किंवा परत गेले नाहीत, तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक २ टक्के व्याज. समजा हा दर ८ टक्के झाला : ५०,००० रुपये तीन दिवस रखडले तर भरपाई सुमारे ३३ रुपये. हीच रक्कम आयएमपीएसने पाठवून मुदतीपुढे तीन दिवस रखडली तर ३००. सपाट आकड्याची गंमत अशी की ५०० रुपये अडकले तर रोजचे १०० म्हणजे दिवसाला २० टक्के, आणि आयएमपीएसची कमाल मर्यादा असलेले ५ लाख अडकले तर तेच १०० रुपये वर्षाला ७.३ टक्के पडतात. लहान ग्राहकाला हा नियम व्याजापेक्षा कितीतरी बरा. पण २००९ चे १०० रुपये २०१९ मध्येही १०० च राहिले, आणि बँकेला पडणारा हा भुर्दंड मधल्या काळात महागाईने आपोआप हलका झाला.

यूपीआयमध्ये पैसे ‘हवेत’ कसे राहतात? आपल्याला दिसते ती क्षणार्धातली गोष्ट म्हणजे निरोप असतो. खरे पैसे बँका-बँकांमध्ये दिवसातून अनेक फेऱ्यांत, सगळ्यांचे देणे-घेणे वजा करून, रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर फिरतात. आपल्या बँकेने रक्कम कापली, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने समोरच्या बँकेला ‘जमा करा’ म्हणून सांगितले आणि तिकडून वेळेत उत्तर आले नाही, तर व्यवहार ‘डीम्ड’ होतो : जमा झाला की नाही, कुणालाच ठाऊक नाही. लगेच परत करावेत तर समोर जमा झालेले असू शकतात, आणि मग पैसे दोनदा जातील. म्हणून समोरची बँक आपली वही तपासून ‘जमा केले’ (टीसीसी) किंवा ‘परत केले’ (आरईटी) असे कळवते. गर्दीच्या वेळी नेमका हाच दुवा तुटतो. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत. पहिले उशिरा पोहोचले तर समोरच्याला दुप्पट मिळतात, आणि पहिला व्यवहार मग ‘अयशस्वी’ राहत नाही.

तक्रार करताना १२ आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम आणि एटीएम असेल तर यंत्राचा क्रमांक द्यावा. तक्रार आपल्या बँकेकडे. एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरी कार्ड जिचे तिच्याकडेच. यूपीआयची आधी ॲपमधून नोंदवून तिचा क्रमांक जपावा. अर्जात ‘टी+१ उलटून इतके दिवस झाले, २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार इतके रुपये’ असा हिशेबच मांडावा. ‘कृपया लक्ष घालावे’ या वाक्यावर कुणी काही मोजत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या तिच्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. लोकपालाची पहिली योजना १९९५ ची. आज बँका, वॉलेट, वित्त कंपन्या सगळ्यांसाठी एकच दार आहे ते १२ नोव्हेंबर २०२१ पासून. शुल्क नाही, वकील लागत नाही.

काही पैसे या घड्याळाबाहेरच आहेत. चुकीच्या यूपीआय आयडीला पाठवलेली रक्कम तांत्रिकदृष्ट्या यशस्वी व्यवहार असते. परत केलेल्या वस्तूचा रिफंड दुकानदाराने सुरू केल्यावरच निघतो. ‘आम्ही पाठवला’ असे तो म्हणाला तर कार्डासाठी एआरएन (त्या रिफंडचा संदर्भ क्रमांक) मागावा, त्यावर बँकेला शोध घेता येतो. आणि सर्वांत कठीण म्हणजे सायबर गुन्ह्याच्या तपासात पोलिसांच्या सूचनेवरून गोठवलेली रक्कम. वडापावच्या गाडीवर कुणीतरी फसवणुकीच्या पैशातून ४० रुपये स्कॅन केले, तर साखळीतला पुढचा दुवा म्हणून त्या गाडीवाल्याच्या खात्यावरही लिएन, म्हणजे पैसे काढण्यावर रोख, लागू शकतो. गाडी महाराष्ट्रात आणि गुन्हा दुसऱ्याच राज्यात नोंदलेला, असेही होते. बँक म्हणते आमच्या हातात नाही. तेव्हा आधी बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि नेमकी किती रक्कम रोखली हे लेखी घ्यावे, आणि वादातली तेवढीच रक्कम धरून बाकीचे खाते मोकळे करण्याची मागणी त्याच तपास अधिकाऱ्याकडे करावी.