नाशिकमधील मनसे: उदय आणि ऱ्हास

राज ठाकरे यांनी शिवसेना सोडून ९ मार्च २००६ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेना (मनसे) स्थापन केली. मराठी अस्मितेच्या या पक्षाला महापालिकेची सत्ता मिळाली ती फक्त नाशिकमध्ये.

फेब्रुवारी २००८ मधील मनसेच्या परप्रांतीयविरोधी आंदोलनाची झळ शहराला जोरात बसली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार गावाकडे पळाले. बसवरील दगडफेकीत एचएएल या विमान कारखान्याचा एक कर्मचारी मरण पावला. तो मराठीच होता. मतपेटीत मात्र पक्ष वाढत गेला. २००९ च्या विधानसभेत राज्यभरात १३ आमदार आले, त्यांपैकी तिघे नाशिक शहरातले: वसंत गिते, उत्तमराव ढिकले आणि नितीन भोसले. गिते आणि ढिकले आधी शिवसेनेत होते, दोघांचीही आपापली माणसे होती. इंजिन चालले ते बरेचसे या आयत्या बळावर.

२०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ पैकी ४० जागा जिंकून भाजपच्या पाठिंब्याने यतीन वाघ महापौर झाले. अडीच वर्षांनी भाजप बाजूला झाला, तेव्हा अशोक मुर्तडक यांना महापौर करण्यासाठी काँग्रेस-राष्ट्रवादीचा हात धरावा लागला. तोवर लोकसभेला मोदी लाटेत धूळधाण उडाली होती. २००९ मध्ये मनसेच्या तिकिटावर लढून थोडक्यात हरलेले हेमंत गोडसे शिवसेनेच्या तिकिटावर खासदार झाले होते. विधानसभेलाही तिन्ही जागा गेल्या. मग गितेही पक्षाबाहेर पडले.

कामे झालीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गोदापार्क, पांडवलेण्याजवळचे वनोद्यान, शस्त्रसंग्रहालय, मुलांसाठी वाहतूक उद्यान ही त्या काळातली. पालिकेची तिजोरी रिकामी म्हणून यांतली बरीच उद्योगसमूहांच्या पैशातून उभी राहिली. वनोद्यान पाहायला रतन टाटा स्वतः आले, पण तेव्हा निवडणूक तोंडावर आली होती. रस्ते, पाणी, घंटागाडी यांवर मत देणाऱ्या नाशिककराला पहिली दोन-अडीच वर्षे दाखवायला पक्षाकडे फारसे काही नव्हते.

२०१७ पर्यंत निम्म्याहून अधिक नगरसेवक इतर पक्षांत गेले. त्यात चार सदस्यांचे मोठे प्रभाग आले. तिथे एकट्या नगरसेवकाचा गल्लीतला वट पुरत नाही. भाजपने ६६ जागा घेतल्या, मनसे पाचवर आली. उत्तमराव ढिकले यांचे चिरंजीव राहुल २०१९ मध्ये नाशिक पूर्वमधूनच आमदार झाले, पण कमळावर.