ईगल स्काउट व्हायचंय? अठराव्या वाढदिवसापासून मागे मोजायला घ्या

अमेरिकेतल्या मराठी घरांत ईगल स्काउटचा विषय बहुतेक वेळा मूल दहावी-अकरावीत गेलं की निघतो, म्हणजे कॉलेजच्या अर्जांची चाहूल लागल्यावर. तोवर गाडी सुटलेली नसली तरी फलाटावरून हललेली असते. ईगल हुकतो तो मूल हुशार नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा कारण तारखांचं असतं. म्हणून इथे पात्रता आणि कागदपत्रं तारखांच्या अंगाने सांगतो.

आधी संस्थेबद्दल दोन ओळी. १९१० साली स्थापन झालेल्या 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका'ने फेब्रुवारी २०२५ पासून 'स्काउटिंग अमेरिका' हे नाव घेतलं आहे. जुन्या फॉर्मवर जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका. ईगल ही तिथली सर्वोच्च पायरी, पहिला ईगल १९१२ सालचा. २०१९ पासून याच कार्यक्रमात मुलींनाही प्रवेश आहे आणि ईगलच्या अटी दोघांना अगदी सारख्या आहेत.

कोणाला करता येतं

मूल ११ वर्षांचं असावं. दहा वर्षं पूर्ण असतील आणि पाचवी झाली असेल, किंवा कब स्काउटमधला (लहान मुलांच्या स्काउटिंगमधला) 'ॲरो ऑफ लाइट' हा सन्मान मिळाला असेल, तरीही ट्रुपमध्ये, म्हणजे स्थानिक स्काउट गटात, घेतात. अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. एच-४ व्हिसावर असलेलं मूलही ईगल होऊ शकतं. 'सिटिझनशिप इन द नेशन' नावाचा बॅज (एखाद्या विषयातलं काम पूर्ण केल्याची खूण) सक्तीचा आहे हे बघून काही पालक बिचकतात, पण त्या बॅजसाठी पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. भारतात 'भारत स्काउट्स आणि गाइड्स'मध्ये द्वितीय किंवा तृतीय सोपान झालेलं असेल तर ते प्रमाणपत्र येताना घेऊन या आणि ट्रुपला दाखवा. ईगलसाठीच्या अटी मात्र इथल्याच पूर्ण कराव्या लागतात.

देवाधर्माचा प्रश्नही नेहमी येतो. स्काउटच्या नियमात श्रद्धा आहे, पण विशिष्ट धर्म नाही.

घड्याळ कसं चालतं

पायऱ्या सात: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल. पहिल्या चार पायऱ्यांत कौशल्यं शिकायची असतात आणि त्या एकाच वेळी चालू ठेवता येतात. फर्स्ट क्लासनंतर मात्र सक्तीचे महिने सुरू होतात. स्टारसाठी फर्स्ट क्लास म्हणून किमान ४ महिने, लाइफसाठी स्टार म्हणून ६ महिने, ईगलसाठी लाइफ म्हणून आणखी ६ महिने. एकूण १६. ही मुदत कोणी कमी करून देत नाही, ट्रुपचे प्रमुख असलेले स्काउटमास्टरसुद्धा नाही. म्हणजे मूल १६ वर्षं ८ महिन्यांचं व्हायच्या आत फर्स्ट क्लास हातात नसेल तर पुढचं गणित कागदावरही जुळत नाही. प्रत्यक्षात परीक्षा, भारतवारी, आजारपण, बोर्ड ऑफ रिव्ह्यूच्या (पायरी पूर्ण झाल्यावर होणाऱ्या मुलाखतीच्या) तारखा हे सगळं धरून फर्स्ट क्लास चौदाव्या वर्षापर्यंत व्हावा असं माझं मत आहे.

अठरावा वाढदिवस ही खरी भिंत. ईगलच्या सगळ्या अटी, स्काउटमास्टरसोबतच्या शेवटच्या बैठकीसह, त्याच्या आत पूर्ण व्हाव्या लागतात. फक्त बोर्ड ऑफ रिव्ह्यू नंतर झालं तरी चालतं. गंभीर आजारासारखं हाताबाहेरचं कारण असेल तर काउन्सिलकडे (स्काउटिंगच्या विभागीय कार्यालयाकडे) मुदतवाढ मागता येते, पण 'अभ्यास होता' हे कारण त्यात बसत नाही.

आता एक अडसर, जो आपल्या घरांत हमखास उशिरा लक्षात येतो: पोहणं. ईगलच्या सक्तीच्या बॅजेसमध्ये 'स्विमिंग, हायकिंग किंवा सायकलिंग' असा पर्याय असतो, त्यामुळे पोहणं टाळता येईल असं वाटतं. पण फर्स्ट क्लासलाच 'स्विमर टेस्ट' आहे: डोक्यावरून पाणी जाईल अशा खोलीत उडी, ७५ यार्ड जोरकस पोहणं, मग २५ यार्ड पाठीवर निवांत, शेवटी तरंगून दाखवणं. वैद्यकीय कारण किंवा अपंगत्व असेल तर वेगळी सोय आहे, भीती असेल तर नाही. मूल पाचवी-सहावीत असतानाच पोहण्याचा क्लास लावा.

एकवीस बॅजेस

ईगलला किमान २१ मेरिट बॅज लागतात. त्यातले काही सक्तीचे, बाकीचे आवडीचे. फर्स्ट एड, कम्युनिकेशन, कुकिंग, कॅम्पिंग, फॅमिली लाइफ, पर्सनल फिटनेस, पर्सनल मॅनेजमेंट, सिटिझनशिपचे बॅज हे सक्तीच्या यादीतले. 'इमर्जन्सी प्रिपेअर्डनेस की लाइफसेव्हिंग', 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स की सस्टेनेबिलिटी' असे पर्यायही आहेत. दोन्ही केले तर दुसरा ऐच्छिक म्हणून मोजतात. ही यादी मधूनमधून बदलते, २०२२ मध्ये तिच्यात भर पडली होती. तेव्हा मोठ्या भावंडाच्या वेळची यादी वापरू नका, चालू वर्षाच्या अटी बघा.

बॅज कधीही सुरू करता येतो, फर्स्ट क्लासची वाट बघावी लागत नाही. आधी स्काउटमास्टरशी बोलायचं, मग त्या विषयासाठी नोंदणी असलेल्या काउन्सेलरकडे जायचं. मुलाने एकट्याने काउन्सेलरला भेटायचं नाही, सोबत कोणी तरी हवंच, हा सुरक्षेचा नियम आहे. अर्जाचं निळं कार्ड सही होऊन परत आलं की त्याचा फोटो काढून ठेवा. कार्डं हरवतात आणि तीन वर्षांनी अर्ज भरताना तारीख शोधत बसावं लागतं.

दोन दिवसांच्या मेरिट बॅज शिबिरात सगळं उरकता येईल या भ्रमात राहू नका. पर्सनल मॅनेजमेंटला सलग १३ आठवडे जमा-खर्च लिहायचा असतो. पर्सनल फिटनेसचा व्यायामाचा आराखडा १२ आठवड्यांचा असतो. फॅमिली लाइफला किमान पाच घरकामं ९० दिवस करून त्यांची नोंद ठेवायची असते, आणि ही कामं मुलाने खरोखर करायची असतात, आईने सही करण्यापुरती नाहीत. हे तीन बॅज शाळेची सुट्टी लागली की एकाच दिवशी सुरू करून टाकावेत. कॅम्पिंगला २० रात्री लागतात, त्याही स्काउटिंगच्या कॅम्पमधल्या, उघड्यावर किंवा तंबूत. घरच्यांबरोबरचं कॅम्पिंग मोजत नाहीत, केबिनमधली रात्रही नाही. आठवडाभराच्या उन्हाळी शिबिरातल्या फार तर सहा रात्री धरतात. उरलेल्या चौदा म्हणजे शुक्रवार ते रविवारचे सात कॅम्प. ट्रुप महिन्यातून एकदा जातो, त्यात दोन-तीन बुडतातच. वर्ष गेलं.

कुकिंगबद्दल शाकाहारी पालक हळूच विचारतात. मांसाहार शिजवायची अट नाही. समतोल आहार, नियोजन, स्वच्छता, स्टोव्हची सुरक्षितता हे बघतात. गॅसच्या छोट्या स्टोव्हवर केलेली मुगाची खिचडी आणि भाजलेले पापड पाट्रोलमध्ये (ट्रुपमधल्या छोट्या गटात) चांगले खपतात.

पद

लाइफ झाल्यावर सहा महिने जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं: पाट्रोल लीडर, क्वार्टरमास्टर, स्क्राइब, ट्रुप गाइड, डेन चीफ अशी बरीच पदं चालतात. असिस्टंट पाट्रोल लीडर चालत नाही. बगलर (बिगुल वाजवणारा) हे पद स्टार आणि लाइफला चालतं, ईगलला नाही. स्टार असताना केलेले महिने ईगलला पुढे ओढता येत नाहीत. मुलाला लाइफ मिळाल्याच्या आठवड्यातच पद मागायला सांगा.

प्रोजेक्ट, म्हणजे अर्ध्या गोंधळाचं मूळ

ईगलचा सेवा प्रकल्प लाइफ झाल्यानंतरच करायचा असतो. लाभार्थी कोण? धार्मिक संस्था, शाळा किंवा समाज. स्काउटिंगसाठीच केलेलं काम चालत नाही, खासगी धंद्याचं नाही, निव्वळ निधी गोळा करणंही नाही. किमान तासांची अट नाही. बघायचं असतं ते इतकंच की मुलाने आखणी केली का आणि इतर किमान दोघांकडून काम करवून घेतलं का.

मंदिर चालतं. समजा, मंदिराच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो, म्हणून तिथे चपलांचं मोठं रॅक करायचं ठरलं. मुलाने आधी मंदिराच्या व्यवस्थापकांशी स्वतः बोलायचं: जागा किती, भिंतीला खिळा मारायला परवानगी आहे का, अग्निशमनाची वाट अडते का, पाऊस आत येतो का. मग 'ईगल स्काउट सर्व्हिस प्रोजेक्ट वर्कबुक', फॉर्म क्रमांक ५१२-९२७, यातलं प्रपोजल भरायचं: कच्चं चित्र, साहित्याची अंदाजी यादी, खर्चाचा अंदाज, माणसं किती लागतील, सुरक्षेची काळजी. विजेवर चालणारी गोल करवत मुलांनी चालवायची नाही, ते मोठ्यांचं काम, आणि हे प्रपोजलमध्ये लिहिलेलं असलं तर वाचणाऱ्याला बरं वाटतं.

प्रपोजलवर स्काउटमास्टर, ट्रुपची कमिटी, लाभार्थी संस्था आणि काउन्सिल किंवा त्याखालचं डिस्ट्रिक्ट, या सगळ्यांच्या सह्या लागतात. त्या येण्याआधी काम सुरू करायचं नाही. लाकूड स्वस्तात मिळालं म्हणून आधीच कापून ठेवणं ही अगदी घरगुती हौस इथे महागात पडते. सह्या झाल्या की त्याच वर्कबुकातला सविस्तर आराखडा करायचा. त्याला मंजुरी लागत नाही, पण तो न करता रंगवायच्या दिवशी ब्रश कमी पडले तर बोर्डासमोर उत्तर मुलालाच द्यावं लागतं. काम झालं की अहवाल, त्यावर लाभार्थी आणि स्काउटमास्टरची सही. आधीचे, मधले, नंतरचे फोटो ठेवा.

पैसे घरचे, ट्रुपचे किंवा लाभार्थी संस्थेचे असतील तर निधीचा वेगळा अर्ज लागत नाही. बाहेर मागायला जायचं असेल, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत टेबल लावून वडे विकायचे असतील, तर वर्कबुकातला निधीचा अर्ज आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

भारतातल्या शाळेसाठी प्रकल्प करायची कल्पना बऱ्याच मुलांना सुचते आणि ती बाद होतेच असं नाही. पण वह्या-पुस्तकं गोळा करून जहाजाने पाठवली एवढ्यावर भागत नाही. आखणी कोणाची, कामाला माणसं कोण होती, त्यांना नेतृत्व कोणी दिलं, लाभार्थी शाळेची सही कशी येणार, हे प्रश्न डिस्ट्रिक्ट विचारणार. आधी त्यांच्याशी बोलून मगच मामाला गावी फोन करा.

आणि आई-बाबांनो, ईमेल मुलालाच लिहू द्या. मंदिर कमिटीला बाबांचा मेल गेला, डिस्ट्रिक्टच्या माणसाला आईचा फोन गेला, की पुढे बोर्डावर मुलाला स्वतःच्याच प्रकल्पाबद्दल नीट सांगता येत नाही. बसलेल्या मंडळींना ते दोन मिनिटांत कळतं.

अर्ज आणि सोबतचे कागद

शेवटचा अर्ज म्हणजे फॉर्म ५१२-७२८. त्यात जन्मतारीख, ट्रुपमध्ये सामील झाल्याची तारीख, फर्स्ट क्लास, स्टार आणि लाइफच्या बोर्डाच्या तारखा, २१ बॅजेसच्या तारखा, पद आणि त्याचा कालावधी, प्रकल्प पूर्ण झाल्याची तारीख असं सगळं येतं. काउन्सिल हे स्वतःच्या नोंदींशी ताडून बघतं. निळ्या कार्डावर १२ जून आणि नोंदीत १५ जून असेल तर अर्ज फिरून येतो. म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी ट्रुपच्या ॲडव्हान्समेंट चेअरकडून (पायऱ्यांचं काम बघणाऱ्या व्यक्तीकडून) नोंदींचा अहवाल मागून घ्या आणि तारखा त्यावरूनच उतरवा.

अर्जासोबत मुलाने स्वतःच्या महत्त्वाकांक्षा आणि आयुष्याचं ध्येय यावर लिहिलेलं निवेदन जोडायचं असतं, शिवाय शाळा, मंदिर, मराठी शाळा, संघ अशा ठिकाणी सांभाळलेल्या जबाबदाऱ्या आणि मिळालेले सन्मान यांची यादी. मराठी शाळेत लहान वर्गाला शिकवायला मदत केली असेल तर ती इथे लिहायची जागा आहे. निवेदन कॉलेजच्या निबंधासारखं घासूनपुसून गुळगुळीत करू नका.

शिफारस करू शकणाऱ्यांची नावंही द्यायची: पालक, धार्मिक क्षेत्रातलं कोणी, शिक्षक, नोकरी असेल तर मालक, आणि आणखी दोन ओळखीची माणसं. कुठल्या मंदिराशी नातं नसेल तर धार्मिक बाजूचं पत्र पालक देऊ शकतात. ही पत्रं गोपनीय असतात. मुलाच्या हातात देऊन पाठवायची नसतात, काउन्सिलने सांगितलेल्या मार्गानेच जातात. कोणी पत्र पाठवलंच नाही तर तो मुलाचा दोष धरला जात नाही.

अर्जावर मुलाची, स्काउटमास्टरची आणि कमिटी चेअरची सही झाली की तो काउन्सिलकडे जातो. तिथून पडताळून परत आल्यावर बोर्ड ठरतं.

बोर्ड ऑफ रिव्ह्यू

तीन ते सहा माणसं, सगळी एकवीस वर्षांवरची. पालक, नातेवाईक आणि स्वतःचे स्काउटमास्टर बोर्डावर बसत नाहीत. ही परीक्षा नाही, गाठी बांधून दाखव म्हणत नाहीत. प्रकल्पात काय अडलं, कोणाशी वाद झाला, पद सांभाळताना काय जमलं नाही, असे प्रश्न येतात. निर्णय एकमताने व्हावा लागतो. नकार आलाच तर अपील करता येतं आणि त्याची पद्धत बोर्डाने सांगायची असते. गणवेश शक्यतो पूर्ण असावा, वर्कबुक सोबत हवं.

बोर्डाची तारीख हीच ईगलची तारीख. प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीय कार्यालयातून नंतर येतं. समारंभासाठी हॉल, केटरिंग, आजी-आजोबांची पुण्याहून तिकिटं, यातलं काहीही प्रमाणपत्र ट्रुपच्या हाती आल्याशिवाय पक्कं करू नका. आणि मूल अजून अठराचं व्हायचं असेल, तर २१ च्या वर केलेल्या दर पाच बॅजेसना एक 'पाम' मिळतो: ब्राँझ, गोल्ड, सिल्व्हर. आधीच जास्तीचे बॅज झाले असतील तर तेही त्यात धरले जातात, तेव्हा समारंभाआधी एकदा ट्रुपकडून मोजून घ्या.