यहुद्यांचा मशीहा आणि ख्रिस्ती मशीहा

जुन्या करारातील ‘अभिषिक्त’, योहानाच्या शुभवर्तमानातील ‘मशीहा’ आणि नव्या करारात पानोपानी येणारा ‘ख्रिस्त’ ही मुळात एकाच शब्दाची तीन रूपे आहेत, हे मराठी बायबल वाचताना सहसा लक्षात येत नाही. हिब्रू ‘माशियाह’ म्हणजे मस्तकावर तेल ओतून ज्याला एखाद्या कामासाठी नेमले आहे असा मनुष्य. त्याचेच ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. त्यामुळे ‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव नसून ती पदवी आहे. हे तेल शौलाला लागले, दाविदाला लागले, याजकांनाही लागले. यशयाच्या पुस्तकात तर इराणचा राजा कोरेश, म्हणजे सायरस, यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे, आणि तो यहुदी नव्हताच.

शब्द एक असला तरी त्यामागची अपेक्षा एक नाही. रूढ यहुदी परंपरेत मशीहा हा दाविदाच्या वंशातला माणूस आहे, देव नव्हे. त्याने विखुरलेल्या इस्राएलांना मायदेशी आणायचे, मंदिर पुन्हा उभारायचे आणि जगात शांती नांदवायची. बाराव्या शतकातील मैमोनिदीस या पंडिताने तर स्पष्टच लिहिले की मशीहाने चमत्कार करून दाखवण्याची गरज नाही, पण काम तडीस न जाता तो मारला गेला तर तो मशीहा नव्हे. रोमनांविरुद्ध इ.स. १३२ ते १३५ या काळात उठाव करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकिवासारख्या थोर गुरूने मशीहा मानले होते. तो पडला आणि प्रश्न तिथेच मिटला.

ख्रिस्ती श्रद्धा नेमकी इथे उलटी वळते, कारण तिच्या लेखी मृत्यू हा मशीहाच्या कार्याचा भंग नसून तेच त्याचे कार्य आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायातला प्रसंग पाहावा. फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर पेत्र हा शिष्य येशूला ‘आपण ख्रिस्त आहात’ असे म्हणतो. लगेच येशू आपल्याला दुःख भोगून मरावे लागेल असे सांगू लागतो, तेव्हा हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो आणि ‘सैताना, माझ्या मागे हो’ हे शब्द ऐकून घेतो. पेत्राने पदवी बरोबर ओळखली होती, पण तिचा अर्थ त्याच्या मनात जुनाच होता. त्यामुळे यहुद्यांनी केवळ हट्टाने मशीहा नाकारला, हे सर्रास ऐकू येणारे विधान मला उथळ वाटते. पहिल्या शिष्यालाही ते पचले नव्हते.

पुढे दहाव्या अध्यायात येशू आपला हेतू स्वतःच सांगतो: सेवा करणे आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून देणे. म्हणजे ज्याच्यापासून सोडवायचे तो शत्रू रोम नसून पाप आणि मरण आहे, आणि सुटका एका राष्ट्राची नसून सगळ्यांची आहे. मग यशयाने रंगवलेले, लांडगा कोकराजवळ राहील असे ते जग कुठे आहे, असा यहुदी आक्षेप रास्तच आहे. त्यावर ख्रिस्ती उत्तर असे की मशीहाचे येणे दोन वेळांचे आहे: पहिले क्रूसाकडे जाणारे, दुसरे न्यायाचे आणि पूर्ण राज्याचे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवक ख्रिस्ती वाचकाला येशू दिसतो, तर राशीसारख्या यहुदी भाष्यकाराला इस्राएल प्रजा.

हा फरक आपल्या कोकणातही डोळ्यांनी पाहता येतो. परमेश्वराच्या महान दिवसाआधी एलिया संदेष्टा येईल, असे मलाखीचे वचन आहे. ख्रिस्ती मनुष्य म्हणतो, तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, मात्र त्याच एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने आजही मालिदा हा विधी करतात, आणि गोड पोहे, खोबरे व फळे यांचे ताट समोर ठेवून, जो अजून यायचा आहे त्याचे स्मरण करतात.