जुन्या टपाल तिकिटाची पाठ

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या पेढीचे दप्तर उघडले, की पंचम जॉर्जच्या छबीची तिकिटे लावलेल्या पाकिटांचे गठ्ठे हाती लागतात आणि घरात लगेच त्यांच्या किमतीची चर्चा सुरू होते. केवळ वयावरून ही किंमत ठरत नाही, कारण रोजच्या वापरातली तिकिटे त्या काळीही प्रचंड संख्येने छापली जात. तिकीट नेमके कोणते आणि ते कितपत सुस्थितीत आहे, हे ठरवताना त्याच्या चित्रापेक्षा त्याची पाठ अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

पंचम जॉर्जचे अर्ध्या आण्याचे हिरवे तिकीट घ्या. लंडनमध्ये छापलेल्या आणि पुढे १९२६च्या सुमारास नाशिकच्या छापखान्यातून निघालेल्या तिकिटांचे चित्र सारखेच आहे. मात्र पहिल्याच्या कागदात एकच मोठा तारा आहे, तर दुसऱ्याच्या कागदात लहान ताऱ्यांची जाळी पसरलेली दिसते. हे जलचिन्ह कागद तयार होतानाच उमटते. ओल्या लगद्यावर तारेची आकृती दाबली जाते आणि तेवढ्या भागात तंतूंचा थर पातळ राहतो.

हे जलचिन्ह पाहण्यासाठी तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर पेट्रोलियम बेंझिनचे, म्हणजे लायटरमध्ये भरायच्या द्रवाचे, काही थेंब टाकतात. कोरडा कागद पांढरा दिसतो, कारण तंतूंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.५ आणि मधल्या हवेचा १ असल्याने प्रकाश पावलोपावली विखुरतो. हवेच्या जागी सुमारे १.४ अपवर्तनांकाचा द्रव शिरला, की विखुरणे कमी होते, कागद अर्धपारदर्शक बनतो आणि पातळ भागातून बशीचा काळा रंग अधिक गडद दिसतो. जुनी हिंज, म्हणजे अल्बममध्ये तिकीट चिकटवायची कागदी पट्टी, ओढून काढताना सोलला गेलेला कागदही याच युक्तीने उघडा पडतो, आणि समोरून देखण्या दिसणाऱ्या तिकिटाची किंमत अशा एका डागाने पुष्कळ उतरते. हा द्रव अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर वापरावा; फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेल्या तिकिटांची शाई त्यात विरघळू शकते, म्हणून ती यात बुडवू नयेत.

न वापरलेल्या तिकिटाचा डिंक हा वेगळाच विषय आहे. सोलापूरचा उन्हाळा पारा चाळिशीपलीकडे नेतो, तेव्हा डिंकातला ओलावा उडतो, तो कागदाहून वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि तिकीट वळते किंवा डिंकाला बारीक तडे जातात. पावसाळ्यात तीच तिकिटे एकमेकांना चिकटतात. मूळ डिंकाला भाव असल्यामुळे काही जण पाठीवर नवा डिंक चढवतात. अशी लबाडी भिंगाखाली कडेच्या दात्यांवर पकडता येते. मूळ तिकिटात डिंक आधी लागतो आणि छिद्रे नंतर पाडतात, त्यामुळे फाटलेल्या तंतूंची टोके मऊ आणि मोकळी राहतात. नंतर लावलेला ओला डिंक केशाकर्षणाने त्या टोकांत शिरतो आणि ती ताठ, चकचकीत होतात.

कलकत्त्यात शिळाछापाने छापलेल्या १८५४च्या तिकिटांना मात्र दाते नाहीतच, ती कात्रीने कापून घेत. तिथे चारही बाजूंना मोकळा समास उरला आहे का, हे पाहतात. पुढच्या तिकिटांची छिद्रे २ सेंटिमीटरमध्ये किती, हे मोजपट्टीने ठरवतात.

पाकिटावरचे तिकीट भिजवून सोडवण्याची घाई मुळीच करू नये. तिकिटे छापायच्या काही शाया पाण्याने पसरतील अशाच मुद्दाम बनवल्या जात, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरणाऱ्याची चोरी उघडी पडावी. शिवाय १८६०मध्ये रेल्वे सोलापुरात पोहोचली, त्या काळातल्या पाकिटावर ठिकाण आणि तारीख स्पष्ट वाचता येणारा शिक्का असेल, तर टपाल कोणत्या वाटेने किती दिवसांत गेले, हे त्यावरून लावता येते आणि असे अखंड पाकीट सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे ठरू शकते.