केस पॅनेलला पाठवायची की वर्गात मांडायची?

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, नव्याने रुजू झालेल्या मेडिकल ऑफिसरला दोन गोष्टी एकच वाटल्या तर नवल नाही. एक ‘सॅसेप’, म्हणजे राज्यस्तरीय एड्स क्लिनिकल तज्ज्ञ पॅनेल. दुसरा, इंटरनेटवरून भरणारा केस-चर्चेचा वर्ग, ज्याला बरेच जण नुसतं ‘इको’ म्हणतात. दोन्हीकडे केस पाठवायची, दोन्हीकडे तेच व्हायरल लोडचे (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचे) आकडे, तोच औषधांचा इतिहास द्यायचा. पलीकडचे ज्येष्ठ डॉक्टरही पुष्कळदा तेच. मग वेगळं काय? पॅनेल रुग्णाबद्दल निर्णय देतं, वर्ग डॉक्टरला शिकवतो. वाचताना हे सोपं वाटतं. ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असते तेव्हा मात्र गल्लत होते.

पॅनेल का लागलं, ते आधी पाहू. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाली, मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. पहिल्या फळीची औषधं ज्यांना पुरेनाशी झाली, त्यांच्यासाठी सेकंड लाईन जानेवारी २००८ मध्ये आली, तीही आधी फक्त जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरम इथे. ही औषधं महाग होती आणि त्यांच्या पुढे फारसं काही शिल्लक नव्हतं. घाईने बदल केला तर रुग्णाच्या हातचं चांगलं औषध जातं. उशीर केला तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो. एवढा जोखमीचा निर्णय एकट्या डॉक्टरवर सोडायचा नाही, म्हणून पॅनेल.

त्याची वाटही आखलेली आहे. व्हायरल लोड १००० किंवा त्याहून जास्त आला की लगेच औषध बदलायचं नाही. आधी काउन्सेलर बसतो. गोळ्या खरंच पोटात जातायत का? ऊसतोडीला गेल्यावर बाटली गावीच राहिली का? सासूला कळू नये म्हणून डोस चुकतात का? गोळ्या नीट सुरू झाल्या की तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तरीही आकडा १००० च्या खाली आला नाही तर पॅनेल. पूर्वी यासाठी रुग्णाला स्वतः मोठ्या केंद्रावर जावं लागे. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि ‘मुंबईला कशाला चाललास’ या प्रश्नाला द्यायचं उत्तर, सगळं त्याच्याच माथी. आता बरीच प्रकरणं कागदपत्रांवरून ऑनलाइन निकाली निघतात. घोळ इथूनच वाढला, असं माझं मत आहे. रुग्ण प्रवास करत होता तोवर पॅनेल हे पॅनेलच दिसायचं. तेही ई-मेलवर आलं आणि वर्गासारखं भासू लागलं.

‘इको’ वर्गाची गोष्ट थेट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची. तिथे डॉ. संजीव अरोरा यांच्या हिपॅटायटिस सी क्लिनिकमध्ये नंबर लागायला महिनोन्महिने लागत. २००३ मध्ये त्यांनी उलटा विचार केला: रुग्णांना इकडे आणण्यापेक्षा गावोगावच्या डॉक्टरांनाच व्हिडिओवरून दर आठवड्याला जमवायचं, त्यांनी केस मांडायची, सगळ्यांनी चर्चा करायची. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, गावातल्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. तज्ज्ञाने त्या गावच्या रुग्णांना तपासलंही नव्हतं. हीच पद्धत पुढे एचआयव्हीसाठी भारतात आणि आफ्रिकेत वापरली गेली, कारण तिथेही रुग्ण दूरवर पसरलेले आणि तज्ज्ञ शहरात, हेच चित्र होतं.

एक उदाहरण घेऊ. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधावर असलेल्या रुग्णाला टीबी निघाला. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे रक्तातलं डोल्युटेग्राविर कमी होतं, म्हणून टीबीचे उपचार चालू असेपर्यंत ५० मिलिग्रॅमचा आणखी एक डोस बारा तासांनी द्यावा लागतो. ही केस वर्गाची. पंधरा सेंटरांचे डॉक्टर ऐकत असतील तर ते पंधरा जण पुढच्या प्रत्येक टीबी रुग्णाला हे आपणहून करतील. पॅनेलला विचारलं असतं तर उत्तर एका रुग्णापुरतं आलं असतं, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा. हाच टीबी सेकंड लाईनवरच्या, अटाझानाविर-रिटोनाविर घेणाऱ्या रुग्णाला झाला तर रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरावं लागतं. तेही वर्गात शिकण्यासारखंच. पण त्या रुग्णाची ती सेकंड लाईनच आता निकामी होतेय की काय, हा प्रश्न पॅनेलचा.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते. वर्गात कुणी ज्येष्ठ बोलता बोलता म्हणतात, ‘मी असतो तर बदललं असतं’, आणि इकडे ते वाक्य हुकूम समजून औषध बदललं जातं. भारताची मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचाराची जबाबदारी सल्ला घेणाऱ्याचीच. दुसरी गल्लत जास्त महागात पडते. केस वर्गात मांडली, चर्चा झाली, म्हणजे ‘वर कळवलं’ असं समजून पॅनेलकडे कागद जातच नाहीत, आणि रुग्ण वाढत्या व्हायरल लोडसह जुन्याच गोळ्या नेत राहतो.

नावाचा प्रश्नही आहेच. पॅनेलला रुग्णाची नेमकी ओळख पटवणारा एआरटी नंबर लागतो, व्हाईट कार्डावरच्या, म्हणजे त्याच्या उपचारांच्या कार्डावरच्या, नोंदी लागतात. वर्गात यातलं काहीही नको. वय, स्त्री की पुरुष आणि आजार, एवढं पुरे. गावाचं नावसुद्धा नको, कारण ऐकणाऱ्यांत शेजारच्या तालुक्याचा डॉक्टर असतो. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेलं नाव मात्र हटकून राहतं, तेवढं झाकायचं. एचआयव्हीबाबतची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याचा भाग आहे, आणि शिकवण्यासाठी म्हणून ती सैल होत नाही.

रेकॉर्ड केलेली लेक्चरं ही तिसरी गोष्ट. ती जरूर पाहावीत, पण तिथे आपली केस मांडता येत नाही आणि कुणी आपल्याला टोकत नाही.

काही केसेस या दोन्हींपैकी कशातच बसत नाहीत. सीडी४ (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पेशींचा आकडा) शंभरच्या खाली, आठवडाभर डोकेदुखी, त्यात उलट्या आणि गुंगी असा रुग्ण समोर आला तर क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीमुळे होणाऱ्या संसर्गाची, शंका घ्यायची. तिथे पुढच्या वर्गाची वाट पाहायची नाही, पॅनेलच्या ई-मेलचीही नाही. मोठ्या रुग्णालयाला फोन करायचा आणि रुग्णाला त्याच दिवशी १०८ मध्ये बसवायचं.